सव्वादोनची बांगडी आणि संधिपीडितांचे साहाय्य

दुःखाचा परिहार करण्यापूर्वी दुःख आहे असे ठरावे लागते, हा सर्व सुसंस्कृत कारभाराचा पाया आहे. रानटी काळात कुणी कण्हले की माणसे विचार न करता धावत सुटत. त्यामुळे काही दुःखितांना मदत मिळे, हे खरे. परंतु ज्याला दुःख नाही अशा एखाद्यालाही चुकून मदत मिळण्याचा धोका त्यात फार मोठा होता. स्वराज्य आल्यानंतर हा धोका कमी करण्याचे जे थोर प्रयत्न देशात झाले, त्यांपैकी एक अंबरनाथच्या एका कुलपांच्या कारखान्यात झाला, आणि तो संपूर्ण यशस्वी ठरला. त्या यशात मोतीबाईचा वाटा कुणाहूनही कमी नव्हता.

मोतीबाई वालधुनी नदीच्या काठच्या पाड्यावरची, आगऱ्यांची सून. तिच्या सासरची भातशेती नव्या कारखान्यांच्या कुंपणाआड गेली, आणि शेताच्या मागोमाग काही दिवसांनी मोतीबाईही कुंपणाआड गेली. जिथे ती पूर्वी चिखलात वाकून लावणी करी, साधारण तिथेच आता तिचे टेबल होते. काम सोपे होते. समोर आलेल्या कुलपात किल्ली घालायची, दोनदा फिरवायची. उघडले तर उजवीकडच्या टोपलीत, न उघडले तर डावीकडच्या. माणसाच्या आयुष्यात इतका स्वच्छ निवाडा फार थोड्या वेळा करायला मिळतो, आणि मोतीबाईला तो दिवसभर करायला मिळे. तिला काम आवडत असे. घरात नेमाचा पगार तिचाच होता. नवरा जनू खडीच्या खाणीवर जाई, पण खाण कधी चाले, कधी न चाले.

दोन पावसाळ्यांपूर्वी तिचे हात धरू लागले.

पहाटे जाग आली की ती लगेच हात हलवून पाहत नसे. आधी कोंबडा ऐके, मग नदीकाठच्या धुक्यात कुणाच्या तरी बैलाची घंटा ऐके, आणि हातांकडे आपले लक्षच नाही असे दाखवी. पण हात फसत नसत. बोटे रात्रीतून कुणीतरी उसनी नेलेली असत आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाची, जाड, ऊन, मुठीत न येणारी बोटे ठेवून गेलेले असे. लुगड्याची गाठ बसत नसे. हंड्याचा कान धरवत नसे. मग जनू उठे आणि चूल पेटवी. पुरुषाने चूल पेटवणे ही पाड्यावर सांगण्याजोगी गोष्ट नसल्यामुळे ती कुणी कुणाला सांगितली नाही. ती फक्त सगळ्यांना ठाऊक होती. निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला, तेल झाले, देव झाले. उन्हे अंगणात उतरली की तिची स्वतःची बोटे एकेक करून घरी परतू लागत. दहाच्या सुमारास सगळी आलेली असत. तिथून संध्याकाळपर्यंत मोतीबाईचे हात कारखान्यातल्या कोणत्याही हातांइतकेच चालत.

दुर्दैवाने कारखाना सातला सुरू होई.

सात ते दहा मोतीबाई किल्ली दोन तळव्यांत धरून फिरवी, रवी फिरवावी तशी. तेवढ्या वेळात तिची टोपली शेजारणीच्या टोपलीच्या निम्मी भरे. दहानंतर ती तूट भरून काढू लागे आणि बहुधा भरूनही काढी. पण मुकादम टोपल्या नऊला बघत असे. (टोपल्या नऊलाच का बघायच्या, याचे कारण मुकादमाला नऊला चहा मिळे आणि चहाच्या जागेची वाट तिकडून होती.) पुढे दिवाळीच्या तोंडावर फलक लागला: मंद कामगारांना महिनाअखेर कमी करण्यात येईल. मोतीबाईला वाचता येत नव्हते. पण फलक वाचून झाल्यावर बायका ज्या तऱ्हेने तिच्याकडे न बघता पांगल्या, त्यावरून तिला तो पुरता कळला.

शेजारच्या टेबलावरच्या ठमाबाईने तिला दंडाला धरून कल्याण अधिकाऱ्यांकडे नेले.

ज्या कारखान्यात पुष्कळ कामगार असतील तिथे त्यांच्या कल्याणासाठी एक अधिकारी असावा, असा नवा कायदा होता. त्याप्रमाणे श्री. दिगंबर चौबळ तिथे होते. ते मुंबईहून समाजकार्य शिकून आले होते, तरुण होते, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत. ते अत्यंत भले गृहस्थ होते. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा आठवण्याची गरज पडणार असल्यामुळे येथेच नमूद करून ठेवलेली बरी.

"सायब, ही मोती," ठमाबाई म्हणाली. "हिचं हात सकालचं मेलेलं असतात."

"मेलेले म्हणजे?"

"मेलेलं म्हंजे मेलेलं. धाला जित्तं होतात."

चौबळांनी मोतीबाईच्या हातांकडे पाहिले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. हात जिवंत होते.

"पण दहाला तर मी येतो," ते विचारात पडून म्हणाले.

"तेच ना," ठमाबाई म्हणाली. "म्हनून तुमाला दिसत नाय."

"बाई, तुम्हाला नेमके काय हवे?" त्यांनी मोतीबाईला विचारले.

मोतीबाईने पदर सावरला. "मना धाला येऊ द्या, सायब. सांजची मी बसते सातपर्यंत. काम पुरं करते. दुसरं काय नको."

चौबळांना भरून आले. मागणी इतकी लहान होती की तिने त्यांच्या मनावर फार मोठा परिणाम केला. "मी तुमच्यासाठी काहीतरी करीनच," ते म्हणाले, आणि त्यांनी ते शब्दशः केले.

मॅनेजर गिडवानी शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पात राहत. सिंधहून येताना त्यांनी कारखाना, घर आणि बागेतली आंब्याची सात झाडे मागे सोडली होती, आणि आता या जगात जे काही हाताखाली आहे ते सुटू द्यायचे नाही असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी चौबळांकडून संधिवाताचे सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"साईं, एक बाईला दहा दिला, तो कल पूरे कारखाने को गठिया होएगा," ते म्हणाले. "बुखार दिखता है. खाँसी सुनाई देती है. गठिया बहोत हुशार बीमारी है, दिखती नहीं. पहले साबित करो. साबित हुआ तो मैं खुद कुर्सी दूँगा बाई को. गादीवाली."

हे बोलणे न्याय्य होते. चौबळांनी कामाला लागून प्रथम एक पाहणी केली. तीत असे आढळले की सकाळी उठणे जड जाते असे शंभरांतील ऐंशी कामगार सांगतात. उरलेल्या विसांनी प्रश्न ऐकला नाही, कारण ते उभ्या उभ्या झोपलेले होते. म्हणजे गिडवानींची भीती पोकळ नव्हती. सांधे धरल्याच्या तक्रारीही, मोतीबाईची धरून, एकोणीस बायांच्या निघाल्या. तेव्हा 'संधिपीडित कामगार साहाय्य समिती' स्थापन करण्यात आली. तिच्यावर मॅनेजर, चौबळ, भांडारपाल आणि कामगारांतर्फे पॉलिश खात्यातला हरिचंद्र यांना घेण्यात आले. हरिचंद्र जन्मात कधी आजारी पडला नव्हता, त्यामुळे त्याचे मत निःपक्षपाती असणार होते. ज्यांचे सांधे दुखतात अशा कुणालाही समितीवर घ्यायचे नाही, हा दंडक पहिल्याच बैठकीत एकमताने ठरला.

पहिला उपाय म्हणून मोतीबाईला डॉक्टरांपुढे नेले. कारखान्याचे डॉक्टर कॅम्पातून आठवड्यातून एकदा, दुपारी चारला येत.

"मुठ्ठी बंद करो," डॉक्टर म्हणाले. मोतीबाईने मूठ मिटली. "खोलो." तिने उघडली. "ठीक है. कोई बात नहीं."

"डागदर, सकालचं बगा ना," ठमाबाई मधेच म्हणाली. "सकालचं मिटून दाखवली ना, तर मी आपले हातानं चुलीत हात घालीन."

डॉक्टर दयाळूपणे हसले. सकाळी त्यांचा कॅम्पात स्वतःचा दवाखाना असे. तिथे पहाटेपासून धरलेल्या हातापायांची कितीतरी माणसे बाकावर ओळीने बसत, आणि ती खरोखर आजारी असत. कारखान्यात मात्र आजवर एकही असा रोगी त्यांच्या पाहण्यात आला नव्हता. त्यांनी सरळ मनाने लिहिले की तपासणीच्या वेळी रोग हजर नव्हता.

समिती यानेही खचली नाही. तिने पुराव्याच्या प्रकारांचा मुळापासून विचार केला. कण्हणे हा पुरावा मानावा काय? नाही, पॉलिश खात्यातला एक इसम नुसता हौसेखातर इतके सुंदर कण्हतो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. (हे हरिचंद्राने सांगितले, आणि तो इसम कोण हे सांगायचे त्याने नाकारले.) सूज? सूज ही नेहमी कशाच्या तरी मानाने असते, आणि मोतीबाईची बोटे मुळात केवढी होती याची नोंद कुठेही नव्हती. सांध्यांची ऊब? ती कळायला हात धरावा लागतो, आणि परक्या बाईचा हात समितीने धरायचा कसा? राहता राहिले रोग्याचे स्वतःचे सांगणे. पण आपल्याला दुखते की नाही याविषयी सर्वांत मोठा स्वार्थ दुखणाऱ्याचाच असतो, त्यामुळे ते तर मुळीच धरता येत नव्हते.

येथे कोणतीही सामान्य समिती थकली असती. पण चौबळ खरोखर कनवाळू होते, आणि कनवाळू माणूस सुचेपर्यंत थांबत नाही. एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले की मोतीबाईच्या मनगटात बांगडी नाही. नुसता एक काळा दोरा होता. त्यांनी चाचरत विचारले.

"चढत नाय म्हनून," मोतीबाई खाली बघत म्हणाली. "व्हत्या त्या सुजीत रुतल्या. माजे नवऱ्यानं सांडशीनं काढल्या. माजं माप सव्वादोनचं."

"तुमचे माप तुम्हाला माहीत आहे?"

ठमाबाईला हसू फुटले. "सायब, बाईला सोताचा जन्म म्हाईत नसल, पन बांगडीचं माप म्हाईत असतं."

चौबळांनी टेबलाची कड घट्ट धरली. प्रत्येक स्त्रीच्या हाताचे निरोगी माप लग्नाच्या वेळीच ठरलेले असते. ते तिला पाठ असते, साऱ्या गावाला पाठ असते. त्या मापाची बांगडी आज हातात चढली नाही, तर हात सुजला आहे. चढली, तर नाही. चारला बघा की पाचला. जुनी सूज बोटांच्या मुळाशी थोडीतरी राहतेच, आणि बांगडी ती पकडणारच. यात ना कण्हणे, ना मत, ना स्वार्थ.

आणि हे सर्व खरे होते, हीच त्या प्रकरणातली वाईट गोष्ट. मोतीबाईलाही ते पटले. त्या संध्याकाळी नदी ओलांडताना तिने स्वतःचे हात प्रथमच जरा मायेने पाहिले. एवढे दिवस त्यांनी तिचा घात केला होता. आता ते साक्षीला उभे राहणार होते. "बांगडी नाय चढनार," तिने जनूला सांगितले. जनूने चुलीत लाकूड सारले आणि म्हणाला, "मग बरं झालं." दोघांनाही आपण काय बोललो ते थोड्या वेळाने कळले. जनूने विषय बदलला.

समितीपुढे एकच प्रश्न उरला: बांगडी चढवून बघायची कुणी? ठमाबाईने बघितली तर ती मैत्रीण. मुकादमाने बघितली तर तो पुरुष. या भूमीवर परक्या बाईचा हात हातात घेण्याची मुभा दोनच पुरुषांना आहे, एक वैद्य आणि दुसरा कासार. आणि वैद्याचे मत येऊन गेले होते. तेव्हा कासार. कोणता कासार? येथे समितीने हयगय केली नाही. तिने चौकशी करून पंचक्रोशीतला सर्वांत निष्णात कासार निवडला.

नाथा कासार बदलापूरचा. हेंद्रेपाड्यापासून अंबरनाथपर्यंत लग्नाचा चुडा त्याच्याशिवाय भरला जात नसे. बाळंतिणीचे सुजलेले हात, मिठागरावर राबून राठ झालेले हात, चाळिशीनंतर अंगाबरोबर भरलेले हात, हे सगळे त्याच्या अंगठ्याखाली लोण्यासारखे मऊ होत. त्याच्या हातून बांगडी न चढता परत गेलेली बाई कुणाच्या ऐकिवात नव्हती. हा लौकिक ऐकून समितीला अतिशय समाधान वाटले. माप घेणारा जितका कुशल तितके माप खरे, असे भांडारपाल म्हणाले. ते वजनाच्या काट्यांवरून बोलत होते.

परीक्षकाला परीक्षेचा हेतू कळला तर तो एका बाजूला झुकेल, म्हणून नाथाला काहीच सांगण्यात आले नाही. सांध्यांची तक्रार असलेल्या बायांना कारखान्यातर्फे एकेक हिरवी बांगडी भरायची आहे, एवढाच निरोप गेला. नाथाच्या डोळ्यांत पाणी आले. इतकी वर्षे धंदा केला, तो म्हणाला, पण कुणा शेठला असे सुचले नव्हते.

ठरलेल्या दुपारी उपाहारगृहात सतरंजी अंथरली गेली. समिती, सभ्यतेखातर, दहा हात लांब खुर्च्यांवर बसली. पहिली कौसाबाई. तिचा अंगठा आल्याच्या गड्ड्यासारखा झाला होता. नाथाने तिच्याशी तिच्या सुनेच्या चहाड्या सुरू केल्या, आणि ती हसत असतानाच काम झाले. दुसरी, तिसरी, चौथी. नाथा घामाघूम झाला, पण त्याला हळूहळू रंग चढत होता. असले कठीण हात एका दिवसात इतके आले नव्हते, आणि प्रत्येक हाताबरोबर त्याची कला उजळत होती.

मोतीबाई ओळीत उभी राहून बघत होती. आपण हात लाकडासारखा ठेवायचा, असे तिने ठरवले. अंगठा आत वळू द्यायचा नाही. तिची पाळी आली.

"ये बाय," नाथा म्हणाला. "सव्वादोन. तुजा लग्नातला चुडा मीच भरला, आठवतंय? रडलीस किती! बांगडीनं नाय हां, आयशीला बघून." मग त्याने तिचा हात उलटा करून पाहिला आणि त्याचा आवाज उतरला. "हात रिकामा? बाय... जनू बरा हाय ना?"

 पाड्यावर दोन वर्षे जे कुणी विचारले नव्हते ते त्या भल्या माणसाने काळजीने विचारले होते. मोतीबाईच्या डोळ्यांपुढे चुलीशी बसलेला जनू आला, फुंकणीने फुंकणारा, धुराने डोळे बारीक केलेला.

"बरा हाय," ती घाईने म्हणाली. आणि ते म्हणताना तिचा हात सैल पडला.

नाथाला तेवढे पुरे होते. त्याने अंगठा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी रोवला. दुखणे नेमके तिथेच राहत होते.

"चढवू नको रे मेल्या!" ठमाबाई ओरडली. "तिची नोकरी जाल!"

नाथाने चमकून वर पाहिले. "सवाशिणीचा चुडा चढू नको म्हनतंस? तोंड सांभाल, ठमे!"

"शिव शिव," मागून कुणीतरी म्हणाले.

"अरं, चुडा चढला तर ही नोकरी गेली! हिला उमज दे ना कुनी! मोते, तू बोल ना. बोल, चढवू नको म्हनून!"

सगळ्या मोतीबाईकडे बघू लागल्या. तिला बोलायचे होते. बोलायचे शब्दही फार नव्हते. पण आपल्या हातात चुडा चढू नये असे आपल्याच तोंडाने, दिवसाउजेडी, चारचौघींत म्हणणारी सवाशीण आगऱ्यांत आजवर झालेली नव्हती, आणि ती पहिली आपण व्हावे एवढे धैर्य मोतीबाईला नोकरीसाठीही नव्हते.

"ठमे, गप बस," ती म्हणाली.

"शाबास," नाथा म्हणाला. "म्हायेर आठव, बाय. हात सोड."

बांगडी सांध्यापाशी आली, थांबली, आणि त्या थांबण्यात क्षणभर सगळे शक्य होते. मग ती पलीकडे गेली. मोतीबाईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. चुडा भरताना बाईला माहेर आठवून रडू येते हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्याचा कुणी वेगळा अर्थ केला नाही. चौबळांनी तर लांबून ते पाहून रुमाल काढला. रिवाजाप्रमाणे मोतीबाई नाथाच्या पाया पडली. नाथाने त्या दिवशी मजुरी घेतली नाही.

समितीचा अहवाल असा झाला: तपासलेल्या स्त्रिया, एकोणीस. बांगडी चढलेल्या, एकोणीस. संधिपीडित, निरंक. ज्या कारखान्यात सकाळी एकोणीस रोगी होते तिथे एका दुपारी, औषधाचा थेंबही न देता, एकही उरला नाही. असा गुण कोणत्याही देशात, कोणत्याही औषधाला आलेला नाही. आजूबाजूच्या कारखान्यांतून चौकशीची पत्रे आली, आणि त्यांतल्या एकाने तर पुरुषांसाठीही अशीच काही सोय आहे काय, असे विचारले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोतीबाईचा हात सुजला आणि बांगडी मांसात गेली. तिला ते पाहून आनंद झाला, हे सांगितले तर खोटे वाटेल. तिने जनूला सांडशी लावू दिली नाही. तसाच हात छातीशी धरून, धुक्यातून, ती सातला टेबलाकडे न जाता कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. साहेबांनी बघावे, एवढेच. कचेरीला कुलूप होते. (कारखान्याचेच. चांगले होते.) आठ वाजले. ऊन पायरीवर आले. ती हात सावलीत धरू लागली; पण थंडीचे दिवस होते, ऊन मायाळू होते, आणि ते तिच्या मागोमाग सरकत राहिले. नऊ वाजता तिला करंगळी परतल्याचे कळले. "थांब ना गं," ती करंगळीला म्हणाली. दहाला चौबळ आले तेव्हा बांगडी मनगटावर सैल लोंबत होती.

"छान दिसते आहे," चौबळ हळुवारपणे म्हणाले.

"सायब, सकालची रुतली व्हती."

"असेल, असेल." त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "मोतीबाई, तुम्ही आजारी असतात ना, तर मी तुमच्यासाठी जिवाचे रान केले असते."

त्या तीन तासांची तिची गैरहजेरी लागली. महिनाअखेर तिला कमी करण्यात आले. पूर्वी कमी केले असते तर एक आजारी बाई गेली, असे झाले असते आणि सर्वांना वाईट वाटले असते. आता एक धडधाकट बाई मंदपणामुळे गेली. त्यामुळे वाईट वाटण्याचा प्रसंग कुणावरच आला नाही. ठमाबाई मात्र फाटकापर्यंत सोबत आली आणि मॅनेजरपासून नाथापर्यंत सर्वांच्या सात पिढ्यांचा नावानिशी उद्धार करून परत टेबलावर गेली, कारण टोपल्या बघायची वेळ झाली होती.

परंतु मोतीबाईचे काम सुटले असे कुणी समजू नये. संधिवाताच्या माणसाला कामावर टिकवण्याची कळकळ असणारे लोक एका कारखान्यातच राहतात असे नाही. अंबरनाथला स्टेशनाच्या पूर्वेकडे नव्या चाळी झाल्या आहेत, तिथे शिकलीसवरलेली, वाचनाची आवड असलेली कुटुंबे राहायला आली आहेत. त्यांपैकी एका घरी ती धुणीभांडी करते. सहाला नळ येतो, म्हणून सहाला जाते. मालकीण मनाने चांगली आहे, मालकही. मोतीबाईच्या हातून परवा कपबशी सुटली, तर कुणी रागावले नाही. सकाळी ती जरा हळू घासते एवढेच आपसात म्हणाले, तेही इंग्रजीत. जुने लुगडे दिले. चहा देतात, कान असलेल्या कपातून.

तुम्हाला ते घर आता ओळखू आले असेल.

तिने गेल्या आठवड्यात तुम्हाला विचारले, "धाला आली तर चालल का?" तुम्ही लगेच नाही म्हणाला नाहीत. तुम्ही तिला कारण विचारलेत, तिने सांगितले, आणि तुम्हाला ते खरे वाटले. एवढ्या बाबतीत तुम्ही समितीच्या कितीतरी पुढे गेलात. मग तुम्ही मनापासून विचार करून म्हणालात, "पण मोतीबाई, तू दहाला आलीस तर सकाळची भांडी कोण घासणार?"

ती पुन्हा भांडी घासू लागली. उत्तर तिला सापडले नाही. तुम्हालाही सापडले नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण तुमचे दोन्ही हात त्या वेळी, आता आहेत तसेच, वाचनात गुंतलेले होते.